छपाई बिघडून आली तर : मुद्रकाशी वाद निस्तरायचा कसा

गुरुवारी संध्याकाळी टेम्पोतून पंचवीस गठ्ठे उतरले. कथासंग्रह, डेमी आकार, १९२ पानं, हजार प्रती; रविवारी प्रकाशन. पहिला गठ्ठा सोडून वरची प्रत चाळली आणि ९७व्या पानावर हात थांबला. काळी अक्षरं राखाडी झाली होती. ‘अंगण’चं ‘अगण’, ‘संध्याकाळ’ची ‘सध्याकाळ’. अनुस्वार उडालेले, शिरोरेखा मधेमधे तुटलेली. ११२व्या पानापर्यंत हेच, आणि ११३व्या पानापासून पुन्हा स्वच्छ, काळीभोर छपाई. म्हणजे सोळा पानांचा एक अख्खा फर्मा (एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच), सातवा, फिका छापून गेला होता. लेखिका समोरच बसली होती. तिचं पहिलं पुस्तक.

दिवाळी अंक, संस्थेची स्मरणिका, स्वखर्चानं काढलेला कवितासंग्रह, घरची लग्नपत्रिका, दुकानाचा कॅटलॉग, काहीही छापून घेणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येते. माझ्यावर ती एकापेक्षा जास्त वेळा आली. त्यातून जी पद्धत बसली ती इथे क्रमानं लिहिते. माझं ठाम मत आधीच सांगून टाकते : तक्रार मोजून करा. ‘छपाई अगदीच भिकार झालीय’ या वाक्याला मुद्रकाकडे दहा उत्तरं तयार असतात. ‘सातवा फर्मा, २१२ प्रती, आणि ही तुम्हीच मंजुरीला पाठवलेली पीडीएफ’ म्हटलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

पहिली रात्र

त्या क्षणी फोन उचलून चार शब्द सुनवावेसे वाटतात. थांबा. आधी मालासोबत आलेलं चलन, म्हणजे पोच देण्याचा कागद, हातात घ्या. सही करायची असेल तर सहीशेजारी हातानं लिहा : ‘गठ्ठे मिळाले, माल तपासायचा आहे.’ सही आधीच झाली असेल तरी बिघडत नाही, पण मग पुढची पावलं लवकर टाका.

गठ्ठे उघडण्याआधी त्यांचे फोटो काढा. वरची चिठ्ठी, त्यावरचा प्रतींचा आकडा, दोऱ्या. मग प्रत्येक दोषाचा एक लांबून आणि एक जवळून, पानाचा क्रमांक दिसेल असा. दिवसाउजेडी काढलेला फोटो सर्वांत चांगला. पिवळ्या बल्बखाली राखाडी आणि काळा यांतला फरक कॅमेऱ्याला दिसत नाही.

आणि प्रती वाटू नका. एकही नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० माल तपासून पाहायला वाजवी संधी देतो, ते कलम ४१. पण लगेच पुढचं कलम ४२ सांगतं, की माल आपलाच असल्यासारखा वापरला, किंवा वाजवी मुदत उलटली तरी नापसंती कळवली नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. एकदा स्वीकारला की माल परत घ्या म्हणण्याचा हक्क बहुतेक वेळा जातो. उरतं ते किंमत कमी करून किंवा भरपाई मागणं. शंभर प्रती पाहुण्यांना वाटून सोमवारी ‘सगळा माल नामंजूर’ म्हणायला गेलात तर मुद्रक पहिला प्रश्न हाच विचारेल. गठ्ठे रागानं टेम्पोत भरून परतही पाठवू नका. नाकारलेला माल आपल्या खर्चानं पोचवण्याचं बंधन ग्राहकावर नाही, नाकारला एवढं कळवलं की पुरे, हे कलम ४३ मध्ये आहे. शिवाय पुरावा तुमच्या घरात राहतो.

चूक कुणाची, हे आधी स्वतःशी खरं खरं ठरवा

हा टप्पा सगळ्यांत अवघड, कारण इथे आपलीही चूक निघू शकते. टेबलावर तीन गोष्टी शेजारीशेजारी ठेवा : तुम्ही दिलेली किंवा ‘छापा’ म्हणून मंजूर केलेली शेवटची पीडीएफ, प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, काढलं असेल तर ते, आणि छापून आलेली प्रत.

दोष पीडीएफमध्येच असेल तर तो मुद्रकाचा नाही. मराठीत याचा सर्वांत मोठा बळी म्हणजे जोडाक्षरं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तुटतो, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी उतरते. पीडीएफ बनवताना फॉन्ट आत बसवले नसतील तर प्रेसच्या संगणकावर दुसराच फॉन्ट लागतो आणि पान भलतंच दिसतं. ही शेवटची भानगड मात्र थोडी गुंतागुंतीची आहे. तुम्ही अपुरी फाइल दिली, पण प्रेसनं प्लेट काढण्यापूर्वी तुम्हाला अंतिम पीडीएफ दाखवलीच नाही, तर जबाबदारी दोघांची. असं असेल तर अर्धी चूक आधीच मान्य करा. पुढचं बोलणं सोपं होतं.

पीडीएफ आणि प्रूफ दोन्ही बरोबर, आणि प्रत बिघडलेली, तर दोष छपाईचा किंवा बांधणीचा. अनुस्वार उडणं, अक्षरं फिकी पडणं हे बहुतेक वेळा शाई आणि पाण्याचा मेळ बिघडल्याचं लक्षण. ऑफसेट मशीन थांबून पुन्हा सुरू झालं की सुरुवातीचे काही कागद फिके येतात. ते वेस्टेजमध्ये काढायचे असतात. माझ्या बाबतीत ते काढलेच गेले नव्हते, चांगल्या कागदांत मिसळून बांधणीला गेले. अक्षराच्या कडेला लाल किंवा निळी सावली दिसते तेव्हा रंग एकावर एक नीट बसलेले नसतात, म्हणजे रजिस्ट्रेशन हललेलं असतं. देवनागरीत हे अनुस्वारावर आणि मात्रांवर आधी दिसतं. साधं भिंग पुरतं. समोरच्या पानावर उलट्या अक्षरांची पुसट छाप आली असेल तर शाई वाळण्याआधी कागद एकमेकांवर रचले गेले. पावसाळ्यात हे हमखास होतं, आणि दिवाळी अंकांची छपाई नेमकी पावसाळा सरता सरता होते.

रंगाची तक्रार सगळ्यांत निसरडी. मोबाइलच्या पडद्यावर मुखपृष्ठ पाहून ‘ओके’ लिहिलंत आणि छापील निळा वेगळा आला, तर हातात काही नसतं. पडदा प्रकाशानं रंग दाखवतो, कागद शाईनं, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेलं चित्र आधीच आकसलेलं असतं. सही केलेलं रंगीत प्रूफ असेल तरच रंगावरून भांडा.

मोजणी

आता बसा आणि मोजा. प्रत्येक गठ्ठ्यातून दोन प्रती काढायच्या, एक वरची आणि एक मधली. फक्त वरच्या पाहू नका. बाइंडर चांगल्या प्रती वर ठेवतो असं मी म्हणत नाही, पण एका वेळचे कागद एकत्र राहतात, त्यामुळे दोष गठ्ठ्याच्या मध्ये झुंडीनं सापडतात. माझ्या पन्नास प्रतींत अकरा खराब निघाल्या. मग शुक्रवारी चौघांनी बसून हजारच्या हजार प्रतींची ९७ ते ११२ ही पानं उघडली. प्रत्येक गठ्ठ्यावर स्केचपेननं आकडा, वहीत नोंद. संध्याकाळी हिशेब लागला : ७८८ चांगल्या, २१२ खराब.

कागदाचं वजन तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कागदाचा दहा बाय दहा सेंटीमीटरचा अचूक चौकोन कापायचा, असे दहा, आणि सोनाराच्या काट्यावर एकत्र ठेवायचे. जितके ग्रॅम भरतील त्याला दहानं गुणलं की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ७० जीएसएमचे दहा चौकोन ७ ग्रॅम भरतात, ६०चे ६. प्रत फाडायची नसेल तरी अंदाज येतो : डेमी आकाराच्या १९२ पानांच्या पुस्तकाचा आतला कागद ७० जीएसएमचा असेल तर साधारण २०० ग्रॅमच्या आसपास, ६०चा असेल तर १७५च्या आसपास, मुखपृष्ठाचं वजन वेगळं. हवेतल्या दमटपणानं आणि गिरणीगणिक थोडा फरक पडतो, तेवढ्यावरून वाद घालू नका. पण कोटेशनमध्ये ७० लिहून ६० वापरला असेल तर तो फरक लपत नाही आणि त्याचं समर्थनही होत नाही.

बांधणीसाठी पुस्तक मधोमध उघडून टेबलावर सपाट दाबा. पान हलकेच ओढा. परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे न शिवता नुसत्या गोंदानं केलेल्या बांधणीत, गोंद कमी पडला की पहिली सुटतात ती मधली पानं, आणि गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर आणखी लवकर. पुस्तक उघडं राहतच नसेल, पानं कण्यापाशी लाटेसारखी वळत असतील, तर कागदाचे तंतू आडवे गेले आहेत. ते कण्याला समांतर हवेत. फर्म्यांचा क्रम पाहा, एखादा फर्मा दोनदा किंवा उलटा लागलेला नाही ना ते पाहा. लॅमिनेशनचे फुगे पाहा. बाकी बारीकसारीक खोड्या सोडून द्या. वीस किरकोळ तक्रारींच्या यादीत मोठी एक बुडून जाते.

आधी भेटा, आणि त्याच दिवशी लेखी द्या

मी शनिवारी सकाळी चार खराब आणि चार चांगल्या प्रती पिशवीत घालून छापखान्यात गेले. फोनवर हे काम होत नाही. मुद्रकानं स्वतःच्या हातांनी दोन प्रती शेजारी उघडल्या, खिडकीशी नेल्या आणि म्हणाले, “ताई, हे मेकरेडीचे कागद आहेत. यायला नको होते.” मेकरेडी म्हणजे मशीन जुळवताना निघणारे, वेस्टेजमध्ये टाकायचे कागद. हे वाक्य ऐकायला मिळालं, कारण मी ओरडत गेले नव्हते आणि आकडा बरोबर होता. सगळेच इतके सरळ नसतात. एका अंकाच्या वेळी दुसऱ्या एका छापखान्यात मला ‘तुमची फाइलच तशी होती’ एवढंच ऐकवलं गेलं. तिथेच लॅपटॉपवर त्यांना पाठवलेली पीडीएफ उघडून दाखवली तेव्हा विषय पुढे सरकला.

भेट कितीही गोड झाली तरी त्याच दिवशी ईमेल करा. यामागे एक ठोस कारण आहे, आणि छोट्या प्रकाशकांना ते सहसा ठाऊक नसतं. बहुतेक छापखाने सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असतात. बिलावर त्या नोंदणीचा ‘उद्यम’ क्रमांक दिसतो. त्यांना २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाचं संरक्षण आहे. त्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं मानलं जातं आणि पैसे देण्याची मुदत तेव्हापासून चालू होते. लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढ. तोंडी सांगितलं होतं, फोनवर बोलणं झालं होतं, याला तिथे किंमत नाही. कायदा ‘लेखी’ म्हणतो, म्हणून पंधरा दिवसांच्या आत लेखी गेलंच पाहिजे.

पत्र लांब नको, विशेषणं नकोत. साधारण असं :

‘स. न. वि. वि. आपल्या अमुक तारखेच्या चलनानुसार अमुक पुस्तकाच्या १००० प्रती अमुक तारखेला मिळाल्या. सर्व प्रती तपासल्या असता २१२ प्रतींमध्ये पान ९७ ते ११२ या फर्म्याची छपाई फिकी असून अनुस्वार व शिरोरेखा तुटलेल्या आहेत. आपण मंजुरीसाठी पाठवलेल्या पीडीएफमध्ये हा दोष नाही. ती पीडीएफ, दोषांचे फोटो आणि गठ्ठेनिहाय मोजणी सोबत जोडली आहे. या २१२ प्रती आम्ही स्वीकारत नाही. त्या आमच्याकडे सुरक्षित असून आपण केव्हाही पाहू शकता. उरलेल्या ७८८ प्रती आम्ही स्वीकारत आहोत आणि त्यांतील काही रविवारच्या कार्यक्रमात वापरणार आहोत. सदोष प्रती स्वखर्चाने अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करून द्याव्यात. कळावे.’

शेवटून तिसरं वाक्य मुद्दाम वाचा. कार्यक्रमासाठी चांगल्या प्रती वापरायच्या असतील तर त्या वापरण्याआधी हे लिहून गेलं पाहिजे, आणि जमलं तर ‘चालेल’ असं उत्तर घ्या. माझी लेखिका रविवारी दीडशे चांगल्या प्रतींसह मंचावर बसली.

व्हॉट्सअॅपवर बोलणं होतच असतं. ते पुसू नका, फोन बदलला तरी जपा. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मागायचं काय

‘काहीतरी करा’ असं म्हणू नका. काय करता येतं ते छपाईच्या बाजूनं समजून घ्या आणि मगच मागा. शिवलेल्या पुस्तकात खराब फर्मा बदलायला शिवण उसवावी लागते. परफेक्ट बाइंडिंगमध्ये पाठीकडून तीनेक मिलिमीटर कापून, नवा फर्मा घालून, नव्या मुखपृष्ठासह पुन्हा बांधता येतं. पण मग आतला समास तेवढा कमी होतो. तुमच्या मजकुराला समास भरपूर असेल तरच याला हो म्हणा, आणि एक नमुना करून पाहिल्याशिवाय म्हणू नका. दोष साऱ्या पुस्तकभर असेल तर पुनर्छपाईच मागा. दोष दिसतो पण वाचण्यात अडथळा आणत नाही, मुखपृष्ठाचा रंग थोडा गडद आलाय वगैरे, तर किमतीत सूट घेणं दोघांच्याही सोयीचं.

आमचं बिल ८८,००० रुपये होतं, म्हणजे प्रतीला ८८. निम्मे, ४४,००० आगाऊ दिलेले. चांगल्या ७८८ प्रतींचे झाले ६९,३४४. त्यातून आगाऊ रक्कम वजा करून २५,३४४ रुपये मी सोमवारीच भरले आणि खराब प्रतींचे १८,६५६ राखून ठेवले. वादात नसलेले पैसे वेळेवर द्या. याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे : समोरच्या माणसाला कळतं की तुम्हाला पैसे बुडवायचे नाहीत. छापखान्याचं भांडवल कागदात अडकलेलं असतं. सगळीच बाकी अडवली की तो तुमचं काम मागे टाकून रोकड देणारं काम आधी घेतो.

बाकीसाठी आधीच चेक दिला असेल तर तो बँकेत थांबवण्यापूर्वी वकिलाला विचारा. ‘स्टॉप पेमेंट’मुळे न वटलेल्या चेकवरही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तक्रार होऊ शकते. उलट बाजूही लक्षात ठेवा : बाकी मिळेपर्यंत उरलेले गठ्ठे अडवून ठेवण्याचा हक्क मुद्रकालाही अनेकदा असतो. म्हणून वाद पेटण्यापूर्वी सगळा माल आपल्याकडे आलेला बरा.

कार्यक्रम रद्द झाला, जाहिरातदारांनी पैसे कापले, असं नुकसानही मागता येतं का? १८७२च्या करार अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे जे नुकसान साहजिकपणे होतं किंवा करार करतानाच दोघांना माहीत होतं, तेवढंच मिळतं. आणि ते कमी करण्यासाठी तुम्ही काय केलं हेही पाहिलं जातं. म्हणून वर्क ऑर्डरवर ‘प्रकाशन अमुक तारखेला’ किंवा ‘अंक वसुबारसेआधी विक्रेत्यांकडे पोचायला हवा’ हे एक वाक्य आधीच लिहिलेलं असावं. पाडव्यानंतर हातात आलेला दिवाळी अंक सुंदर छापलेला असला तरी विकायला बसणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो.

नाहीच जमलं तर

पत्राला उत्तर नाही, किंवा नकार आला, तर दोघांच्याही ओळखीच्या तिसऱ्या जाणत्या माणसाला मधे घ्या. जुना बाइंडर, दुसरा मुद्रक, मुद्रक संघातलं कुणी. धंद्यातल्या माणसानं ‘हे तुझं आहे’ म्हटलं की ते सहसा मानलं जातं. त्यानंतर वकिलाची नोटीस, पोचपावतीसह.

लग्नपत्रिका, घरच्या माणसाच्या पंचाहत्तरीची स्मरणिका, अशी घरगुती छपाई असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा; अनेक प्रकरणं तिथेच मिटतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत २ वर्षं, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. व्यापारी हेतूनं घेतलेलं काम मात्र यातून वगळलं आहे. त्याला अपवाद स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याचा. एकट्यानं प्रकाशन चालवणाऱ्यानं या अपवादाबद्दल वकिलाला जरूर विचारावं.

व्यापारी वाद ३ लाख किंवा त्यापुढचा असेल तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो आणि तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. त्याखालच्या रकमांना नेहमीचं दिवाणी न्यायालय, मुदत ३ वर्षं. खरं सांगायचं तर अठरा हजारांसाठी मी कुणालाही दावा लावायला सांगणार नाही. पण मुद्रकच पैशांसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या परिषदेकडे गेला तर तिथे तुमचं पंधरा दिवसांतलं पत्र आणि मोजणीची वही हाच तुमचा बचाव असतो, कारण तिथला निवाडा विरुद्ध गेला तर आव्हान देण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

तोडगा निघाल्यावर

आमच्या २१२ प्रती अठरा दिवसांनी पुन्हा बांधून आल्या. त्या तपासायच्याच, तितक्याच काटेकोरपणे. सात प्रतींत नवा फर्मा तिरका लागला होता, त्या परत गेल्या. सगळं पुरं झाल्यावर दोन ओळींचं पत्र दोघांच्या सहीनं करा की या कामाबाबत कुणाचं काही देणं उरलं नाही. किमतीत सूट ठरली असेल तर मुद्रकाकडून क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, घ्या, नुसतं बिलावर खोडून चालत नाही. जीएसटीत ती दाखवायची शेवटची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर आहे.

खराब प्रती रद्दीत जाणार असतील तर त्या अख्ख्या जाऊ देऊ नका. रद्दीतून त्या फूटपाथवर येतात आणि तिथून वाचकाच्या हातात, तुमच्याच नावानिशी. आम्ही काढून टाकलेले फिके फर्मे आणि जुनी मुखपृष्ठं मोजून घेतली, आणि मुद्रकांच्याच कटिंग मशीनवर त्यांचे उभे दोन तुकडे केले.